तंबोऱ्यातली तटतट

इलाहीभाईंनी हेडफोन कानांवरून काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले,

"आली. परत आली."

ताहेरानं तोच हेडफोन आपल्या कानांना लावला. पंचम, जोड, जोड, खर्ज, चारही तारा. तंबोरा कसा भरून वाजत होता! आणि मधेच तट्. थोडं पुढं गेलं की पुन्हा तट् तट्. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"तीनदा घासली," ते म्हणाले. "आता जवारी लावायचं माझ्याच्यानं हुयाचं न्हाई. सरफराज आला की सांग त्याला. हितनं फुडं बाहेरनं लावून आणायची."

ताहेराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाहेरनं? या घरात? मिरजेच्या गल्लीत तंबोरे करणारी घरं काही कमी नाहीत. पण जवारीवर अडलं की त्यातले निम्मे लोक मान खाली घालून इलाहीभाईंच्या पायरीवर येतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या लाकडी पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिची पाठ कानशीनं अशी घासायची की तार तिला टेकतेही आणि टेकत नाहीही. तेवढ्यानं तार बोलायला लागते. तीच जवारी. केसभर जास्त घासली गेली की संपलं, मग नवीन घोडी करा. भोपळा निवडण्यापासून दांडी बसवण्यापर्यंत सगळं त्यांचा मुलगा, ताहेराचा नवरा सरफराज करतो. आत्ताही तो भोपळे बघायला मंगळवेढ्याकडं गेला होता. जवारीला मात्र आजवर त्यानं हात लावलेला नाही. ते आब्बांचं. पन्नास वर्षं झाली.

"आब्बा, हातात वाजवताना येती का तटतट?"

"न्हाई येत."

"मग?"

"मग काय? हातात असताना मला ऐकू येत न्हाई, आन् मशीनला येतंय. साताऱ्याच्या बाईंस्नी बी येतंय. म्हंजे मशीन बरोबर हाय, बाई बरोबर हायेत आन् माझा कान गेलाय. एकाहत्तर पुरी झाली, पोरी. जायचाच की कवा तरी."

एवढं बोलून ते उठले आणि मागच्या कारखान्यात जाऊन बसले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भुसा आणि भोपळे. तिथून एरवी दिवसभर खसखस ऐकू यायची. आज काही नाही.

साताऱ्याच्या बाई म्हणजे प्रियदर्शनीताई, गाणं शिकवणाऱ्या. तंबोरा त्यांचा. इतक्या लांब यायचं तर आधी आवाज ऐकून घ्यावा म्हणून त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं, आणि ते पाठवायचं काम ताहेराचं. कराडची ही पोरगी बारावी होऊन लग्न करून मिरजेत आली. कॉम्प्युटर शिकली ती इथं, चाळिशीच्या तोंडावर, एकटीनं. गल्लीतल्या बायकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. आज त्याच बायका लाइटबिल भरायला हिच्याकडं येतात, आणि ताहेरा ते बिल भरते. पण "बसा जरा, काम चाललंय," असं म्हणून पाच मिनिटं तिष्ठत ठेवल्याशिवाय नाही. एवढा तोरा तिला शोभतोही.

तर पहिलं रेकॉर्डिंग ऐकून ताईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं, 'आवाज गोड आहे, पण मधे तटतट येतेय का?' इलाहीभाईंनी घोडी घासली. दुसऱ्या रेकॉर्डिंगला तेच उत्तर, तिसऱ्याला तेच. आजचं चौथं. गुरुवारी ताई तंबोरा न्यायला येणार होत्या आणि आज मंगळवार.

ताहेरानं माफी मागायचं ठरवलं. टाइप करायला बोटं उठेनात, म्हणून तिनं माइक पुढं ओढला आणि बोलली, "प्रियदर्शनीताई, नमस्कार. माफ करा, तंबोरा काही गुरुवारपर्यंत होईलसं वाटत नाही." पाठवण्याआधी एकदा ऐकून घ्यायची तिची सवय. तिनं ऐकलं.

'माफ तट् करा, तंबोरा काही तट् तट् गुरुवारपर्यंत...'

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग खुर्ची मागं सरकवून ती ओरडलीच,

"आब्बा! आवं आब्बा! हिकडं या! माझ्या गळ्यात बी जवारी लावलीय का बघा!"

इलाहीभाई दारात येऊन उभे राहिले. तिनं स्वतःचाच आवाज त्यांना ऐकवला. त्यांनी एकदा ऐकला, दोनदा ऐकला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण ते परत गेले नाहीत. तिथंच स्टुलावर बसले.

सांगलीचा जयराज त्यांच्या कॉम्प्युटरचं बघायचा. ताहेरानं त्याला फोन लावला.

"कधीपास्नं होतंय भाभी?"

"गेल्या सोमवारपास्नं." आणि बोलता बोलता तिलाच उमगलं. "तुमी नवीन विंडोज टाकून गेला न्हाई का, तवापास्नं!"

पलीकडं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग जयराज म्हणाला,

"चिपसेटचा ड्रायव्हर टाकायचा ऱ्हायला वाटतं माझा. ते सॉफ्टवेअर नसलं की आवाज तुटतो. आयला... सॉरी भाभी. शनिवारी येतो, टाकून देतो."

"शनिवारी? गुरुवारी गिऱ्हाईक दारात येतंय. काय करायचं ते सांगा, मी करते."

"तुमी कशाला त्यात हात घालताय? मदरबोर्डाचा नंबर लागतो, स्क्रीनवर दिसत नाही तुमच्या मशीनला. कॅबिनेट उघडून वाचायला लागंल. चुकीचा ड्रायव्हर टाकला तर अजून घोळ व्हायचा."

"पेचकस हाय घरात," ताहेरा म्हणाली. "तुमी बोला."

तिनं पाठकोऱ्या कागदावर सगळं उतरवून घेतलं. बोर्डावरचा नंबर, कंपनीच्या साइटवर तोच नंबर, त्यातलं 'चिपसेट' नावाचं पान, तिथली सगळ्यात नवी फाइल. मग मशीन बंद केलं, वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडला. उघडला तर काय, आत सगळा कारखानाच! शिसवीचा बारीक भुसा पंख्यावर, तारांवर, सगळीकडं बसलेला. इलाहीभाई मोबाइलचा टॉर्च धरून वाकले. आपला हात कापतो म्हणून गेले चार दिवस ते सगळ्यांना सांगत होते. पण टॉर्चचा उजेड तसूभर हलत नव्हता. ताहेरानं ते बघून ठेवलं.

"लय बारीक काम हाय गं," ते म्हणाले. "कुणी केलं असंल?"

"मशीन करतं, आब्बा."

"मशीनला कुणी शिकवलं असंल की." मग त्यांनी विचारलं, "त्यो चिपसेट करतो काय?"

ताहेराला जयराजनं सांगितलेलं अर्धंच कळलं होतं. तिनं जरा विचार केला.

"माइक हिकडं लावलाय, आवाज साठवायचा तिकडं. मधलं सगळं येणंजाणं ह्याच्यातनं. ह्याला नीट बसवला न्हाई तर आवाज तुटत तुटत जातो. तुमची घोडी न्हाई का? तारंचं भोपळ्याला पोचवायचं ते तिनंच."

इलाहीभाईंनी मान हलवली. त्यांना जयराजपेक्षा जास्त कळलं असावं.

नंबर घेतला, पत्रा तसाच उघडा ठेवून मशीन चालू केलं, फाइल उतरवली. चालवली तर पडद्यावर इंग्रजीत पाटी: हा ड्रायव्हर या मशीनसाठी नाही. ताहेराला घाम फुटला. जयराजला परत फोन लावायचा म्हणजे त्याचं 'म्हटलं नव्हतं का' ऐकून घ्यायचं. ते ऐकण्यापेक्षा तिनं मशीन पुन्हा बंद केलं, वायर काढली आणि कागदावरचा नंबर बोर्डाशी ताडून बघितला. बरोबर होता.

"तिथं भुसा बसलाय," इलाहीभाई म्हणाले.

"कुठं?"

"तुझ्या नंबराच्या म्होरं. खाली अजून काय तरी छापलंय. कड दिसती बघ."

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण लाकडाच्या अंगावरची रेघ शोधण्यात हयात गेलेली. त्यांनी पॉलिशचा कोरा ब्रश आणला आणि तिनं हलक्या हातानं भुसा झटकला. खाली आणखी एक आकडा आणि एक अक्षर होतं. आपल्याच घरातल्या शिसवीनं झाकून ठेवलेलं!

"काय डोळा हाय आब्बा तुमचा!"

"डोळा हाय गं," ते पुटपुटले. "कानाचं सांग."

दुसरी फाइल सापडली. या वेळी पाटी आली नाही. हिरवी पट्टी सरकत शेवटाला गेली आणि मशीन बंद करून चालू करा म्हणाली. ताहेरानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"गेलं काय गं?"

"न्हाई जात," ती म्हणाली खरी, पण तिच्या जिवात जीव नव्हता. दोन मिनिटं गेली. मग पडदा उजळला आणि इलाहीभाईंनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

आधी तिनं स्वतःचंच घेतलं. "एक, दोन, तीन, चार, माझं नाव ताहेरा." ऐकलं. स्वच्छ. पुन्हा घेतलं. स्वच्छ! तिनं टेबलावर थाप मारली, मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "झालं! आब्बा, म्या केलं!" छाती अशी फुगली होती की शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना बोलावून तो उघडा डबा दाखवावा.

मग तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग झालं. पाच मिनिटांत एकही तटतट नाही. तिनं ते साताऱ्याला पाठवून दिलं आणि चहा टाकायला गेली. चहा उकळेपर्यंत उत्तर आलं. तिनं ते दारातूनच वाचून दाखवलं.

"'वा! आता अगदी स्वच्छ आहे. फारच सुरेख. इलाहीभाईंना नमस्कार सांगा. गुरुवारी सकाळी न्यायला येते.' ऐकलं का आब्बा? कान गेला म्हणत हुता! कान न्हाई, ड्रायव्हर गेल्ता!"

इलाहीभाई हेडफोन लावून बसले होते. त्यांनी बोटानं खूण केली: परत लाव. तिनं लावलं. संपलं. पुन्हा खूण. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला, उठून कारखान्यात गेले आणि तंबोरा मांडीवर घेतला. ताहेरा चहाचा कप घेऊन मागोमाग गेली. त्यांनी भोपळ्याला कान टेकवला होता आणि तारा छेडत होते, सावकाश, एकेक. बराच वेळ.

"पयल्या दिवशी बरोबर हुती," ते म्हणाले.

"काय?"

"जवारी. पयल्या दिवशी लावली ती बरोबर हुती. त्या मशीनचं ऐकून तीनदा घासली, आन् केसभर जास्तच उघडी पाडली. आता तार वाजती, पण बोलत न्हाई."

ताहेरानं कप खाली ठेवला. तिनं कान देऊन ऐकलं. तिला तर तंबोरा छानच वाजत होता.

"मला काय फरक कळंना, आब्बा."

"तुला न्हाई कळायचा."

"ताईंस्नी बी कळला न्हाई. पसंत पडलाय त्यास्नी. येतायत न्यायला."

"त्यास्नी म्हैन्याभरानं कळंल." त्यांनी पुन्हा खर्ज छेडला. "न्हाई तर कवाच कळायचा न्हाई. पर मला कळतोय न्हवं."

हे ते मोठ्यानं बोलले नाहीत. पण गेले चार दिवस पडलेले त्यांचे खांदे वर आले होते, आणि 'मला कळतोय' म्हणताना त्यांनी ताहेराकडं असं पाहिलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून जिच्यासाठी घाम गाळला ती गुरुवारची वेळ हातातून चालली होती, आणि तिला वाईट म्हणून वाटत नव्हतं. उलट हा माणूस आपल्या घरातला आहे याचा असा अभिमान वाटला, की मघाची स्वतःची फुशारकी तिला पार थिटी वाटायला लागली.

इलाहीभाईंनी हात वर नेला आणि पहिली खुंटी उलटी फिरवली. तार ढिली झाली. मग दुसरी. मग ते फळीवरच्या घोडीजोग्या शिसवीच्या तुकड्यांतून एकेक काढून उजेडात धरून बघायला लागले.

ताहेरा बाहेर येऊन मशीनसमोर बसली. प्रियदर्शनीताईंचा निरोप अजून पडद्यावर होता. तिनं लिहिलं, 'ताई, गुरुवारी येऊ नका. तंबोरा अजून झालेला नाही.' कारण काय द्यावं याचा तिनं क्षणभर विचार केला. ताईंना आवडलेलं असताना नाही म्हणायचं, तर काहीतरी सांगायला हवं. मग तिनं ताठ बसून पुढचं वाक्य टाइप केलं, एकदा वाचलं आणि पाठवलं.

'आमच्या आब्बांना पसंत नाही.'