झाकणावर आळ

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे, गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं. हसू नका. हल्ली माझा मुक्काम गाडीतल्या पुढच्या खणात असतो, बॅटरीच्या संपलेल्या सेलच्या आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी. माझ्या जागेवर एक नवं झाकण मिरवतंय. त्याचा मला हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू, नुसता जळफळाट होतो.

एका कारखान्यात साच्यातून मी बाहेर पडलो, गळ्यात काळं रबरी कडं घातलं आणि या गाडीवर रुजू झालो. काम दिसायला सोपं, पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही. ती वाफ मागच्या चाकाजवळच्या कोळशाच्या डब्यात मुरून राहते आणि गाडी धावू लागली की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. म्हणून ती रस्त्यावरच्या माणसांच्या नाकात जात नाही. मला घट्ट फिरवलं की मी तीनदा 'कट' करायचो. आजोबा म्हणायचे, "बोललं बघ." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं ऊनपाऊस काढला.

गाडी आजोबांची, पण रोज चालवते त्यांची लेक. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करते. पेट्रोल भरायचं काम मात्र आजोबांनी कधी कुणाला दिलं नाही. पंपाची नळी 'खट्' करून आपोआप थांबली की ते म्हणायचे, "अजून बसेल." मग दोन्ही हात लावून गाडी गदागदा हलवायचे, डब्यात पीठ बसवताना डबा आपटतात ना, तसं. बुडबुडे वर आले की पुन्हा पेट्रोल. टाकी गळ्यापर्यंत आली की मगच माझी पाळी यायची.

पंपावरचे लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण मला कारण ठाऊक होतं. आजींना धाप लागली त्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर याच गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. आजी गेल्या.

पुढे एक दिवस गाडीत पिवळा दिवा लागला. मेस्त्रीने तपासणीचं यंत्र जोडलं, तर वाफेच्या व्यवस्थेत बिघाड आहे एवढंच ते सांगू शकलं. झालं! मेस्त्री म्हणाला, झाकण सैल पडलं असेल. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. मला खणात टाकलं आणि त्या चकचकीत पोराला माझ्या गादीवर बसवलं. दिवा गेला. लेक म्हणाली, नवं झाकण गुणाचं निघालं. गुणाचं म्हणे!

पण काही दिवसांनी दिवा परत लागला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेस्त्रीने एक झडप बदलली. दिवा गेला, आणि पुन्हा आला. लेक वैतागली. आता एकदा लागला तर गाडी विकून टाकते, म्हणाली. ज्या सीटवर आजी बसायच्या तिच्यावरून आजोबांनी फक्त हात फिरवला.

मेस्त्रीने मग नळ्यांतून धूर सोडला. जिथे भोक असेल तिथून धूर निघणार. कुठूनच निघाला नाही. माझी शंका नको म्हणून मलाही लावून पाहिलं. धुराची एक रेघसुद्धा मी सोडली नाही! मी निर्दोष सुटलो, मित्रांनो. पण परत खणातच आलो. त्या पोराच्या पाठीवर थाप, माझ्या नशिबी सुकलेली पेनं.

शेवटी मेस्त्रीने लेकीला विचारलं, दिवा नेमका कधी लागतो? ती आठवून म्हणाली, बाबा पेट्रोल भरून आले की दोन-चार दिवसांत. मेस्त्रीने लगेच कोळशाचा डबा काढला. तो भलताच जड लागला. तिरका केला, तर त्यातून पेट्रोल ठिबकलं.

"यात फक्त वाफ यायला हवी," तो म्हणाला. "टाकीत वर जागाच राहत नाही, म्हणून पेट्रोलच आत शिरतंय. काका, टाकी कोण भरतं?"

"मीच," आजोबा खाली बघत म्हणाले. "काठोकाठ भरतो. हिची गाडी वाटेत अडायला नको."

लेकीचा सगळा वैताग तिथेच उतरला. तिला आई आठवली असणार. ती त्यांच्या जवळ गेली.

"बाबा, खट् होईपर्यंत भरलेलं मला भरपूर पुरतं. आणि काटा निम्म्यावर आला की मी स्वतः तुम्हाला सांगेन."

नवा डबा बसला. गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या वेळी आजोबा पंपावर गेले, तेव्हा मी खणात कान टवकारून होतो. खट् झालं. मी वाट पाहिली. गाडी हलली नाही.

मग त्या नव्याने तीनदा 'कट' केलं, आणि आजोबा म्हणाले, "बोललं बघ."

ते माझं वाक्य होतं, मित्रांनो. फार लागलं मला.

म्हणून तुम्हाला विनवतो. दोष सापडण्याआधी कुणाला जागेवरून उठवू नका. टाकी भरताना वाफेपुरती जागा सोडा. माया कितीही असली, तरी सोडा. आणि कधी हा खण उघडलात, तर मला हातात घेऊन एकदा फिरवून बघा. मी अजून बोलतो.