कोरा दगड

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड वाचता आला की ती मनातल्या मनात मोजायला लागे. एक, दोन, तीन. पाचाला नवरा मोठ्याने म्हणे, "बासष्ट!" ताशी साठच्या वेगाने पाच सेकंद म्हणजे त्र्याऐंशी मीटर. तेवढा रस्ता त्याला तिच्यापेक्षा कमी दिसत होता, आणि गाडी तोच चालवत होता.

देशाच्या एका किनाऱ्यावरून निघायचं, किल्ले, धबधबे, तळी बघत दुसऱ्या किनाऱ्याला समुद्राशी पोचायचं, हा बेत त्याचाच. चौतीस वर्षं त्याने बस चालवली, तीही त्याच बत्तीस थांब्यांवरून. दगड वाचायची खोड तेव्हाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं. "पिकू दे की जरा," म्हणत त्याने ऑपरेशन पेंढ्यात घातलेल्या फळासारखं ठेवून दिलं होतं.

दुकानांतले वजनकाटे तपासणं ही तिची नोकरी. पाच ग्रॅमची खोट निघाली तरी ती काटा बंद करून मोकळी होई. घरच्या माणसापुढे मात्र जीभ अडत होती. स्टिअरिंग सुटलं तर हा माणूस हातपाय गाळून बसेल, प्रवास अर्ध्यावर टाकेल, ही तिची भीती.

सहाव्या दिवशी दुपार कलली तेव्हा ते शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी आले. ऊन थेट समोरून येत होतं.

"सत्तावीस!" नवरा म्हणाला.

तिने दगडाकडे पाहिलं, मग मान वळवून पुन्हा पाहिलं.

"अहो, गाडी बाजूला घ्या."

"का गं? मळमळतंय?"

"घ्या म्हणते ना."

दोघं मागे चालत गेली. दगड नुकताच रंगवलेला होता, पांढराशुभ्र. त्यावर आकडा घालायचा राहिला होता. नवऱ्याने वाकून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"अठ्ठावीसनंतर सत्तावीसच येणार ना," तो हळूच म्हणाला.

"येणारच. पण तुम्ही वाचत नव्हतात, मोजत होतात. कधीपासून?"

तो बोटाचा रंग रुमालाला पुसत राहिला. "तिसऱ्या दिवसापासून. ऊन समोर आलं की." मग मान वर न करता म्हणाला, "चौतीस वर्षांत साधा आरसा फुटला नाही माझ्या हातून. चल, फिरू मागे. झाला समुद्र बघून."

"मागे कशाला? चावी द्या."

"तुला? या घाटात? फाटकाला गाडी घासलीस त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाहीस!"

"दोन महिने रोज सकाळी बागेत फिरायला जात होते ना मी?"

"मग?"

"बागेत नव्हते जात. ड्रायव्हिंग स्कूलला जात होते. शेवटचे बारा दिवस नुसता चढ."

तो तिच्याकडे बघत राहिला. "उभ्या जन्मात खोटं बोलली नाहीस, आणि बोललीस ती दोन महिने सलग?"

"मोजूनमापून बोलले."

तो हसला आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली.

पहिल्या वळणाला त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जोरात दाबला गेला. "दुसरा टाक, दुसरा!" तिने आधीच टाकला होता. सहाव्या वळणाला समोरून ट्रक आला. तिने वेग उतरवला, डावीकडे दबून त्याला वाट दिली. नवऱ्याने तोंड उघडलं आणि मिटलं. एकोणिसाव्या वळणापासून त्याचा पाय स्वस्थ होता. तिचे तळवे घामाने ओले होते, पण गाडी एकदाही मागे सरकली नाही. माथ्यावर तिने हँडब्रेक ओढला तेव्हा पंचवीस वळणं झाली होती आणि समोर, खाली, लांबवर समुद्र होता.

"पोचलो!" ती ओरडली. ती सहसा ओरडत नसे.

"झकास!" तो म्हणाला. "डेपोत असतीस तर पहिल्याच दिवशी लांबचा मार्ग दिला असता तुला." मग डोळ्यांवर हात धरून तो पुढे बघत राहिला.

"दिसतोय का?"

"निळं दिसतंय. पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, ते नाही कळत."

त्याने सवयीने कंडक्टरच्या घंटीसारखी दारावर दोनदा थाप मारली, पुढे निघायची.

"चला ड्रायव्हरबाई, उतार लागलाय. आणि खाली पोचलो की डॉक्टरांना फोन लाव. डावा डोळा आधी करून घेतो, मग उजवा."