रजेला जोडून रविवार

हेडक्लार्क निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खुर्ची काही त्याच्या अंगातून उतरली नव्हती. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून तो पुढच्या खोलीत टेबलापाशी बसायचा आणि गल्लीतले लोक कागद घेऊन त्याच्याकडे यायचे. सख्खा धाकटा भाऊ जन्मठेप भोगतोय म्हटल्यावर दुसरा कोणी तोंड लपवून बसला असता. यानं उलटंच केलं. भावापायी चौदा वर्षं कोर्ट-कचेऱ्या पालथ्या घातल्या, तेव्हा याला तुरुंगातलं सगळं कळतं असं गल्लीनं ठरवून टाकलं. यानंही ते बिनतक्रार मान्य केलं.

एकदा कोपऱ्यावरची बेकरीवाली घाबरीघुबरी होऊन आली. तिच्या भाच्याला मारामारीत धरलं होतं, आणि पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं त्याला प्रोबेशनवर सोडलं होतं.

"प्रोबेशन म्हणजे सुटला की नाही हो?"

"अहो, नोकरीत नवा माणूस लागला की दोन वर्षं प्रोबेशनवर असतो की नाही? तसंच. दोन वर्षं नीट वागला की कायम."

"कायम? तुरुंगात?"

"बाहेर हो, बाहेर! कायम बाहेर."

"आणि पॅरोल वेगळं?"

"पॅरोल म्हणजे रजा. कारण दाखवायचं, अर्ज करायचा, वरचा साहेब मंजूर करतो. वागणूक चांगली असली की शिक्षेत माफी मिळते, ती म्हणजे आपली वेतनवाढ. एकदा सरकारी कारभार कळला ना बाई, की सगळीकडे एकच असतो."

बेकरीवाली समाधानानं गेली. आतून बायको म्हणाली, "शिकवा, शिकवा लोकांना. नोकरीत चुकलं तर फार तर बदली होते. तिथं चुकलं तर काय होतं, तेही सांगा एकदा."

"तुला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि त्यातली तेहतीस तरी तो हेच वाक्य बोलत आला होता.

आता खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला इतकं जड गेलं नसतं. बाप लवकर गेला, तेव्हा यानंच धाकट्याला बोटाला धरून शाळेत नेलं, यानंच लेथवर धातू कातायच्या कामाला लावलं. कारखान्यातल्या भांडणात धाकट्यानं रागाच्या भरात हातातला पाना फोरमनच्या डोक्यात घातला आणि फोरमन जागच्या जागी गेला. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांनी पाठ फिरवली, हा एकटा पोलीस ठाण्यात जाऊन बसला. चौदा वर्षांत एक भेट चुकवली नाही. प्रत्येक पॅरोलला जामीन हाच राहायचा, आणि सहाही वेळा धाकटा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेआधी फाटकावर हजर झाला होता.

ही सातवी खेप. थोरल्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मूल-बाळ कोणी नाही, या कारणावर पंधरा दिवस मिळाले होते. आणि पुढच्याच महिन्यात समिती बसणार होती. चौदा वर्षं पुरी झालेल्यांतून कुणाला कायमचं सोडायचं, ते ती ठरवणार. धाकट्याच्या फायलीत सगळं होतं. वागणुकीचा दाखला होता, राहायला भावाचं घर होतं, पॅरोलवरून वेळेवर परतल्याच्या सहा नोंदी होत्या. फक्त बाहेर आल्यावर कोण काम देणार, त्याचं पत्र तेवढं नव्हतं.

तेही थोरल्यानं जमवत आणलं. एक लेथवाला त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "पत्र देतो, पण माणूस बघून. हप्ताभर मला मान वर करायला वेळ नसतो. रविवारी दुकान बंद असतं, चार वाजता येतो."

आणि पंधरावा दिवस नेमका रविवारीच येत होता.

शुक्रवारी संध्याकाळी हा घोळ टेबलावर आला. थोरल्याच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, वाचायला डॉक्टरांनी मनाई केली होती. बायकोनं पॅरोलचा कागद हातात घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला.

"'एकोणीस तारखेस सूर्यास्तापूर्वी कारागृहात हजर व्हावे.' एकोणीस म्हणजे रविवार. तिथवर जायला पाच तास लागतात. म्हणजे भाऊजींना बाराच्या बसनं निघायलाच हवं."

"काही निघायला नको," थोरला म्हणाला. "रजेचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला, की सुट्टी रजेला जोडून मिळते. माणूस सोमवारी हजर होतो. मी तीस वर्षं रजेचे अर्ज बघितलेत."

"इथं तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहावं लागत नाही, ते गृहीत असतं. रविवारी ऑफिस बंद, मग हजेरी घेणार कोण?"

धाकटा भिंतीला टेकून बसला होता. चौदा वर्षांत तो इतका हळू बोलायला शिकला होता की समोरच्याला कान द्यावा लागायचा. "दादा, तिथं रविवार असा वेगळा नसतो रे. रोजच मोजणी होते."

"तू चौदा वर्षं आत राहिलास म्हणून तुला नियम कळायला लागले? दवाखान्यात पडून राहिलं म्हणून कोणी डॉक्टर होत नाही."

"मग फोन करून विचारा ना त्यांना," बायको म्हणाली. "एका फोनचं तर काम."

"विचारलं की नाही म्हणतात. न विचारता केलं की चालून जातं. तीस वर्षांत दुसरं काय शिकलो मी?"

"आणि नाही चाललं तर?"

"अगं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे! हातात कामाचं पत्र घेऊन गेलेला माणूस आणि रिकाम्या हातानं गेलेला माणूस, समिती कुणाला सोडेल? जरा डोकं वापर."

बायकोनं कागदाची घडी घातली आणि ती आत गेली. धाकट्यानं मान हलवली. सांगितलेलं ऐकायचं, याचीच त्याला चौदा वर्षं सवय लावली होती, आणि त्याआधी तीच सवय दादानं लावली होती.

रविवारी सकाळी धाकट्यानं पिशवी भरून दारापाशी ठेवली. दोन जोडी कपडे, साबण, वहिनीनं दिलेला टॉवेल. पावणेबाराला तो चपला घालून उभा राहिला. "दादा, जाऊ का मी? पत्र तू मागनं पाठव."

"बस खाली. माणूस बघितल्याशिवाय तो पत्र देणार नाही, किती वेळा सांगू?"

तो बसला. बाराची बस गेली, एकची गेली. चारला येणारा लेथवाला साडेपाचला उगवला, आणि धाकट्याची नजर तोवर खिडकीबाहेरच्या उन्हावर होती. ऊन समोरच्या घराच्या छपरावर चढलं, मग तिथूनही गेलं. लेथवाल्यानं पिशवीतून पितळेचा एक तुकडा काढून त्याच्या हातात दिला. धाकट्यानं तो बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "कडेला अर्ध्या सुताची चूक आहे. टूल झिजलंय तुमचं." लेथवाला खो खो हसला आणि तिथल्या तिथं पत्र लिहून मोकळा झाला. सुटल्या दिवसापासून काम, वर राहायला माळा. मग धाकटाही हसला. त्याचं हसू थोरल्यानं चौदा वर्षांनी बघितलं आणि काळ्या चष्म्याआडून त्याच्या डोळ्याला धार लागली. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली होती.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला.

"बघितलं," ती म्हणाली. तिनं जेवायला वाढलं, पण ती स्वतः जेवली नाही.

सोमवारी दोघं पहिल्या बसनं निघाले आणि अकराला फाटकावर पोचले. छोट्या दारातल्या शिपायानं धाकट्याला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आलास बाबा! काल संध्याकाळी तुझं नाव फरारीत गेलं. पोलीस ठाण्याला कळवून झालंय. कुठं मेला होतास?"

थोरल्यानं घसा साफ केला. "अहो, काल रविवार होता."

शिपाई त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं दोघांना जेलरच्या खोलीत नेलं.

जेलर वयानं लहान होता, उद्धट नव्हता. त्यानं रजिस्टर उघडलं, धाकट्याची आधीची सहाही पानं चाळली आणि हळहळला. "सहा वेळा वेळेआधी आलेला माणूस तू. महिन्यावर समिती आली असताना हे काय करून बसलास? कारण काय लिहू?"

धाकटा पायांकडे बघत होता.

"त्याचं असं आहे," थोरला पुढं झाला, "सर्वसाधारण रजा नियमांनुसार अखेरचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आल्यास…"

"काका," जेलर म्हणाला, "आम्ही रविवारी कैद्यांना घरी सोडून कुलूप लावतो, असं वाटलं का तुम्हाला?"

दारातला शिपाई फिस्सकन हसला. थोरल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे अर्ज नियमावर बोट ठेवून परत केले होते, आणि त्याच्यावर असं कधी कोणी हसलं नव्हतं.

"बसा," जेलर म्हणाला. "एक मार्ग आहे. हा स्वतःहून थांबला की तुम्ही थांबवून घेतलात? तुम्ही जामीनदार. 'मी चुकीचं सांगून याला अडवलं, याची निघायची तयारी होती,' असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत, तर मी ते समितीपुढे ठेवतो. खात्री नाही देत. पण अशानं मागे एक जण वाचलाय."

"आणि मग माझं?"

"जामीनदारानंच कैद्याला अडवलं म्हटल्यावर चौकशी होईल. कदाचित केसही होईल."

केस. थोरल्याच्या डोक्यात पेन्शनचं कलम जसंच्या तसं उभं राहिलं. गुन्हा शाबीत झाला तर पेन्शन रोखता येते. हे कलम त्याला बरोबर माहीत होतं, यात चूक नव्हती. टेबलावर कोरा कागद होता, पेन होतं. उभ्या आयुष्यात हजारो मसुदे लिहिलेल्या माणसाला तीन ओळी लिहायच्या होत्या. त्यानं पेन उचललं, टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

धाकट्यानं वर बघितलं. क्षणभरच. मग तो आपल्या त्या हळू आवाजात म्हणाला, "लिहून घ्या साहेब. मीच थांबलो. तारखेत गफलत झाली माझी. दादाचा काही संबंध नाही."

जेलरनं थोरल्याकडे बघितलं. एकदा नाही, दोनदा बघितलं. थोरल्याला म्हणायचं होतं, थांबा, खोटं बोलतोय तो. जिभेवर आलंही होतं. पण ते बाहेर काढायला जे लागतं, ते त्याच्यापाशी नव्हतं. जबाब लिहून झाला. खाली साक्षीदार म्हणून कुणाची तरी सही हवी होती. ती थोरल्यानं केली, आणि नावाखाली रेघही ओढली, ऑफिसात ओढायचा तशी.

कामाचं पत्र खिशातच राहिलं होतं. ते द्यायची आठवण त्याला परतीच्या बसमध्ये झाली.

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"लिहून घेतलं."

"काय लिहून घेतलं? कुणी थांबवलं म्हणून लिहिलं?" तो बूट काढत राहिला. ती समोरून हलली नाही. "अहो, मी विचारतेय. तुम्ही होतात ना तिथं?"

"त्यानं स्वतःच सांगितलं. मी काय करणार?"

ती म्हणाली, "शेण खाल्लंत," आणि आत गेली. चौतीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती, आणि त्यानंतर तिनं तो विषयही काढला नाही. तो काढला असता तर बरं झालं असतं.

समितीचा निकाल दोन ओळींचा आला. पॅरोलच्या अटीचा भंग. तीन वर्षं सुटकेसाठी नाव विचारात घेतलं जाणार नाही, एक वर्ष पॅरोलही नाही. लेथवाला म्हणाला, "वाईट वाटतं हो, पण तीन वर्षं मशीन रिकामं ठेवून कसं चालेल माझं?" बेकरीवाली भाच्याचा एक नवा कागद घेऊन आली, दारातूनच टेबलाकडे बघितलं आणि "वहिनी आहेत का?" म्हणून सरळ आत गेली.

पुढच्या भेटीला थोरला एकटाच गेला. बसमध्ये पाच तास तो एकच वाक्य घोकत होता, "चुकलो रे मी." जाळीपलीकडे धाकटा येऊन बसला, आणि याच्या तोंडातून निघालं ते असं, "मी अपील तयार केलंय. चार पानी. निकालातल्या दुसऱ्या ओळीवर हरकत घेतलीय. पद्धतशीर."

"डोळा कसा आहे तुझा?" धाकट्यानं विचारलं.

"बरा आहे. आता स्वच्छ दिसतं."

"वहिनी?"

"आहे." थोरल्यानं कागद जाळीला लावून धरले. "बघ तरी. आणि वर्षानं पॅरोलचा अर्ज करता येईल, त्याचाही मसुदा केलाय मी. जामीनदाराच्या रकान्यात माझं…"

"दादा." धाकटा हळूच बोलला, थोरल्याला कान जाळीपाशी न्यावा लागला. "राग मानू नकोस. त्या रकान्यात वहिनीचं नाव घाल."

"तिचं? अरे, तिला नियमातलं काय कळतं?"

"तिला वाचता येतं," धाकटा म्हणाला. अजून भेटीची सात मिनिटं उरली होती, तरी तो उठला आणि आपणहून आत गेला.