वार्निश वाळेपर्यंत

माझे यजमान शेखर यांचा राजीनामा देवघरात गणपतीच्या फोटोमागे ठेवला होता आणि सोमवारी तो मिलमध्ये द्यायचा होता. मला त्या कागदाचा इतका राग, की आठवडाभर मी उदबत्तीसुद्धा लांबूनच ओवाळली.

अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये हे चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन. एक तारखेला पगार, दिवाळीला बोनस. आणि आता म्हणे अकोटच्या रस्त्यावर गाळा घेऊन मोटरी भरायच्या. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुन्या तारा काढून नव्या भरायच्या. "हंगामात लाइन लागते लोकायची," हे सांगायचे. "अन् हंगाम सरल्यावर?" असं मी विचारलं की यांना चहा आठवायचा.

पहिली मोटर आली ती उत्तमरावांची. त्यांची वांग्याची वाडी. यांनी गुरुवारी सुट्टी टाकून तारा भरल्या, त्यावर वार्निश ओतलं आणि मोटर गच्चीवर ठेवली. "दोन दिवस ऊन दे. तासातासानं फिरवजो. आतून वाळलं पायजे, नाही तं मोटर जळन," असं मला बजावून शुक्रवारी हे ड्युटीवर गेले.

मी नाही फिरवली. मुद्दाम नाही, पण रागात होते हे खरं. माझा संसार उन्हात टाकणाऱ्या त्या काळ्या धोंड्याला मी कशाला गोंजारू? शनिवारी संध्याकाळी उत्तमराव दारात येऊन बसले. यांनी घाईघाईत विचारलं, "वाळलं काय?" मी गच्चीवर जाऊन वरवर बोट लावलं. कुरड्या वाळल्या की नाही हे मी बोटानं ओळखते, मग हे काय मोठंसं? म्हटलं, "कडकडीत." यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मोटरचं झाकण बसवलं आणि ती देऊन टाकली.

रविवारी सकाळी उत्तमराव तीच मोटर घेऊन परत आले. तासभरही चालली नव्हती. उघडली तर जळका वास घरभर.

यांचा चेहरा पाहवेना. उत्तमरावच म्हणाले, "वोल्टेज असन, शेखरभाऊ. आमच्याइकडे लाइनचा काई भरोसा नाही."

हे मान हलवत राहिले. मग उठले, देवघरातून तो कागद काढला आणि मला म्हणाले, "माह्या हातात नाही हे काम. मिलच बरी."

हेच तर मला हवं होतं! मी गप्प बसले असते तर एक तारखेचा पगार वाचला असता. यांनी कागद दोन्ही हातांनी धरला. फाडायच्या आधी त्यावरची घडी अंगठ्यानं सपाट केली. चौदा वर्षांत मिलची कुठली मशीन 'माह्या हातात नाही' म्हणून या माणसानं सोडली असेल असं मला वाटत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "वोल्टेज नाही अन् तुमचा हातही नाही. म्या एकदाबी फिरवली नाही. आतून ओलीच होती."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी उत्तमराव म्हणाले, "मंग भरा पुन्हा. पण उद्याच पायजे. वांगे सुकून राहिले."

रविवारचा अख्खा दिवस हे तारा भरत होते. माझ्याशी अक्षर बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मात्र डबा घेताना दारात थांबले. "भेव लागून राहिलं," म्हणाले.

"मलेबी," मी म्हटलं आणि तो कागद घडी करून यांच्या खिशात घातला.

दिवसभर मी गच्चीवर. दर तासाला मोटर फिरवत होते, आणि दर वेळी वाटत होतं, एव्हाना दिला असेल कागद. अजूनही फोन करून थांबवता येईल. फोन पदरात होता. केला नाही.

चार वाजता उत्तमराव जिना चढून आले. मोटर वरून चकचकीत, कोरडी दिसत होती. मी बोट पार आत घातलं. बाहेर आलं ते काळं, चिकट.

"आज नाही," मी म्हटलं. "उद्या सांजच्याले."

"अवो वयनी, वांगे मरतीन!"

आमचं पहिलंच गिऱ्हाईक, आणि आजपासून घरात दुसरी कमाई नव्हती.

"उद्या," मी म्हटलं आणि मोटर फिरवली.