सोन्याची आयुष्यरेषा

"ज्या बाईच्या तळहातावरच्या रेषा सोन्याच्या होतात, ती नव्वदी पाहणार! शास्त्र खोटं बोलत नाही!"

ही घोषणा गोपाळकृष्णांनी केली तेव्हा त्यांची कवळी पेल्यात होती. त्यामुळे ती फक्त त्यांच्या पत्नीला, इंदुताईंना, समजली.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर गोपाळकृष्ण हात पाहू लागले होते. हरिशंकरपुरम या आपल्या वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी परदेशप्रवास दिला होता. त्यांतले बरेचसे झाँसीपर्यंत जाऊन आले.

इंदुताईंच्या तळहातावरच्या रेषा मात्र खरंच पिवळ्या झाल्या होत्या. पापण्यांच्या कोपऱ्यांतही पिवळे, मऊ उंचवटे आले होते. दोन वर्षं अंगाला खाज सुटत होती, तळव्यांना जास्त. "धनलाभ," असं गोपाळकृष्णांनी निदान केलं होतं, आणि गॅसची सबसिडी जमा झाल्यावर विषय मिटला होता.

शेवटी सून अवंतिका वैतागली. "बाबा, अब बस. आईंचे डोळे पण पिवळे दिसतायत. मी घेऊन जातेय दवाखान्यात."

गोपाळकृष्णही मागोमाग गेले. डॉक्टरांनी आधी हातच पाहिला, तेव्हा त्यांना व्यवसायबंधू भेटल्यासारखं वाटलं.

"ही चरबी आहे," तपासण्यांचे कागद आल्यावर डॉक्टर म्हणाले. "लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या नष्ट झाल्यात. पित्त अडतं, कोलेस्टेरॉल वाढतं, ते कातडीखाली साचतं. खाजही त्याचीच. लवकर आला असतात तर गोळ्यांनी बरंच थोपवता आलं असतं. आता लिव्हर बदलायला हवं, पण यांचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही."

"पण आयुष्यरेषा लांब आहे ना?"

"लांब आहे," डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "सगळी चरबीनं भरलीय."

"साल तो निकल जाएगा ना?" अवंतिकानं विचारलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी गोपाळकृष्ण भिंग घेऊन इंदुताईंजवळ बसले. त्यांचा हात मांडीवर घेतला आणि रेषांवर भिंग धरलं. कवळी तोंडात असूनही घोषणा झाली नाही.

"काय म्हणतात रेषा?"

"खाज सुटली तेव्हाच तुला न्यायला हवं होतं."

"ते राहू द्या. नव्वदीचं काय?"

"मला हात बघता येत नाही, इंदू."

"ठाऊक आहे. शेजारच्या सुनंदाला तुम्ही कॅनडा सांगितला होता. बिचारी जवळच्या डबरा गावापुढे गेली नाही."

गोपाळकृष्णांनी भिंग खाली ठेवलं. हात काही सोडला नाही.

"आता धरलाच आहे," इंदुताई म्हणाल्या, "तर तळवा जरा खाजवा."