दोन गाण्यांमधली जागा

माझी पहिली कॅसेट कुठेही लागली की इकडे माझं तोंड हलायचं. ‘करंजवाडीची हळद’ बाजारात आली तेव्हा फारसा त्रास नव्हता; भाकरी थापताना एखादं कडवं निघून जायचं, इतकंच. मग लग्नसराई लागली.

तालुक्यातल्या प्रत्येक मांडवात मीच होते. उजाडल्यापासून माझ्या तोंडून हळदीची गाणी सुरू व्हायची. दोन मांडवांत वेगवेगळी गाणी लागली की ती एकमेकांच्या पायात पाय घालत बाहेर पडायची. माझं नाव झालं, असं सगळे म्हणत. कॅसेट कंपनीचे शेटजी पेढे घेऊन आले. मी गाऱ्हाणं सांगायला गेले तर नवं गाणं लागलं. त्यांनी मांडीवर ठेका धरला, आवाज अजून बसलेला नाही, दुसरी कॅसेट करायला हरकत नाही, असं म्हणाले आणि गेले. मला इतका राग आला की पेढे मी म्हशीला घातले.

कॅसेटच्या शेवटी शेटजींनी हौसेने माझ्याकडून उखाणा म्हणून घेतला होता. लग्नात एकदाच घेतलेलं मालकांचं नाव आता मी दिवसभर घेत होते. मालक आधी लाजले, मग ओ देऊन देऊन कंटाळले आणि शेतातल्या खोपीवर राहायला गेले. माझ्या लेकीचं, इंदीचं नाव मात्र कॅसेटमध्ये कुठेच नव्हतं. त्यामुळे तिला हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही.

घरातली कॅसेट लावली की लांबच्या कॅसेटी गप्प बसतात, हे तिनेच शोधलं. मग दोन गाण्यांमधली कोरी जागा आली की ती मला पटकन घास भरवायची. तेवढ्या वेळापुरतं तोंड माझं असे, पण आवाज नसे.

“आये, मला हाक मार की,” ती एका दुपारी म्हणाली.

कोरी जागा आली तेव्हा मी तिचं नाव घेतलं. नुसती हवा आली. मला रडू फुटलं, तेही बिनआवाजाचं.

इंदीने कॅसेटच्या वरच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले, आवाज भरायचं लाल बटण दाबलं आणि टेपला तोंड लावून बराच वेळ काहीबाही म्हणत बसली. मग कॅसेट मागे नेली, लावली आणि अंगणात पळाली, कारण हाक लांबूनच मारतात.

“इंदे, जेवायला ये गं,” माझं तोंड तिच्या आवाजात म्हणालं.

“आले, आये.”

ती धावत आली, माझ्या मांडीला टेकली आणि परत अंगणात गेली. पुढच्या हाकेआधी तिने तेवढीच जागा सोडली होती. ती येत राहिली, जात राहिली. इतकं सुख मला त्या कॅसेटने कधी दिलं नव्हतं.

ती सीताफळाच्या झाडाखाली उभी असताना घरातली कॅसेट संपून टेपचा खटका पडला. लांब कुठल्यातरी मांडवात कॅसेट शेवटाला आली असावी.

“ज्योतीरामरावांचं नाव घेते,” मी म्हणाले.

“आले, आये,” इंदी म्हणाली आणि धावत निघाली.