दोनशे अठरा नंबरची काठी

प्राचीन इजिप्शियन लोकांना मरण हा शेवट वाटत नसे. आमच्या पुरातत्त्व खात्याला निवृत्तीही तशी वाटत नाही. ताब्यातली एकेक वस्तू समितीला मोजून दिल्याशिवाय कोठारप्रमुख सुटत नाही. एखादी कमी भरली, की थेट चौकशी.

लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावरच्या आमच्या कोठारातून प्रमुख अम्म शेनूदा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे शेनूदाकाका, एकतीस वर्षांनी सुटायला निघाले होते. एका थडग्यातल्या चारशे बारा वस्तू तीन दिवस मोजल्या. चारशे अकरा भरल्या.

"दोनशे अठरा," समितीच्या मादाम इन्शिराह नोंदवहीवर बोट ठेवून म्हणाल्या. "लाकडी काठीचा वाकडा तुकडा, वीतभर. कुठंय?"

"असेल हो इथंच." अम्म शेनूदांनी घाम पुसायला हाताला लागला तो ममीसाठीचा कापूस घेतला.

"साडेतीन हजार वर्षं राहिली आणि तुमच्याकडे आल्यावर गेली?"

"मादाम, काठीच चोरायची असती तर सरळ बघून चोरली असती!"

सगळे हसले, मीही हसलो. मग फडताळावरच्या, त्याच थडग्यातल्या लाकडी बदकाकडे लक्ष गेलं. इथला संवर्धक मी, त्यामुळे दुरुस्ती माझीच. त्याची मान वाकडी होती. लाकडी होती. वीतभर होती.

मी हातातला चहा खाली ठेवला.

"अम्म शेनूदा, काठी बदकात आहे."

"डॉक्टर, तुम्ही उन्हात फिरू नका."

खोदताना मान वेगळी सापडली होती, आणि नोंदणाऱ्याला ती काठी वाटली. हिवाळ्यात मी ती ओळखली, चिकटवली, ऐटीत फोटो काढले. वहीत नोंदवायचं तेवढं राहिलं. नंबर होता तुटक्या टोकावर, म्हणजे आता सांध्याच्या आत.

"पुरावा?" मादाम म्हणाल्या.

आमच्या धंद्यात चिकटवलेलं पुन्हा सोडवता आलंच पाहिजे. मी सांध्याला अ‍ॅसिटोनचा बोळा लावला. चाळीस मिनिटं बोळे बदलत राहिलो. मग मान अलगद हातात आली. टोकावर काळ्या शाईत २१८.

अम्म शेनूदा मटकन खुर्चीत बसले, लगेच उठले, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "गाढवा, जीव घेतला असतास माझा!" असं प्रेमानं म्हणाले. मादामनी हसत सही केली. गरम ताम्मिया, म्हणजे इथले कडधान्याचे वडे आले, तेही मादामनीच सगळ्यांना वाढले.

मी डिंकाची बाटली उघडली.

"राहू दे," मादाम म्हणाल्या. "वहीत वस्तू दोन आहेत."

बदक आता दोन खोक्यांत आहे.